गाडी जुनी, वेग कायद्यातला : ई-बाइक दुरुस्ती चळवळीचा जाहीरनामा

चार्जिंगच्या गाडीची मोटर सहसा जात नाही. चाकाच्या हबमध्ये बसवलेल्या या बिनब्रशच्या मोटरीत बेअरिंगखेरीज घासून झिजेल असे काही नसते. बॅटरी जाते, पण हळूहळू; गाडी पूर्वीएवढी लांब जात नाही, म्हणून मालकाला ते आधीपासून कळत राहते. अचानक जातो तो कंट्रोलर. सकाळी गाडी व्यवस्थित होती, दुपारी पावसात भिजली, संध्याकाळी किल्ली फिरवली तर मीटर लागतो पण चाक हलत नाही. ढकलत न्यावी म्हटले तर चाक जड झालेले, अडत अडत फिरते. गल्लीतला मेकॅनिक सीट उचलून बघतो आणि सांगतो, "कंट्रोलर उडाला."

ही चळवळ त्यानंतर जे होते त्याबद्दल आहे.

तशाच क्षमतेचा नवा कंट्रोलर दोन-तीन हजार रुपयांना मिळतो. हात बसलेला मिस्त्री असेल तर काम एका दुपारचे. तरीही गाडी कव्हर टाकून सोसायटीच्या कोपऱ्यात उभी राहते, टायर बसतात, न वापरलेली बॅटरी कायमची मरते आणि दिवाळीच्या साफसफाईत सगळेच भंगारवाल्याकडे जाते. ज्या शोरूममधून गाडी घेतली तिथे आता मोबाइलची कव्हरे विकायला असतात. कंपनीचा फोन लागत नाही. आणि जो मेकॅनिक हात घालायला तयार होतो, तो बहुतेक वेळा पहिला प्रश्न असा विचारतो : "लिमिट काढून देऊ का? चाळीसने पळेल."

भंगार किंवा बेकायदा गाडी, एवढ्याच दोन वाटा मालकापुढे ठेवल्या जातात. आम्हाला दोन्ही मान्य नाहीत. जुनी ई-बाइक दुरुस्त झाली पाहिजे आणि दुरुस्त झाल्यावर ती कायद्याच्या हद्दीतच चालली पाहिजे, यासाठी आम्ही एकत्र आलो आहोत. आमच्यात गाडीमालक आहेत, गॅरेजवाले आहेत, मोटर रिवाइंडिंगची दुकाने चालवणारे आहेत, आयटीआयमधले शिल्प निदेशक आहेत आणि मोटार अपघातांचे दावे चालवणारे वकीलही आहेत.

एका वायरवर टांगलेली सूट

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये नियम २ (यू) आहे. बॅटरीच्या दुचाकीच्या मोटरीची तीस मिनिटांची शक्ती २५० वॉटच्या हद्दीत असेल, वेग ताशी २५ किलोमीटरच्या हद्दीत असेल, बॅटरी सोडून वजन ६० किलोपेक्षा जास्त नसेल, योग्य ब्रेक असतील, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर असेल आणि हे सगळे नियम १२६ मधल्या चाचणी संस्थेने तपासून मान्य केले असेल, तर ती गाडी मोटार वाहन समजली जात नाही. म्हणजे लायसन्स नको, पासिंग नको, नंबरप्लेट नको, विमा नको.

ही सूट कोणाच्या कामी येते ते आम्ही रोज पाहतो. चार घरी स्वयंपाकाला जाणाऱ्या ताई, अंगणवाडी सेविका, सकाळी पेपर टाकून कॉलेजला जाणारा मुलगा, गुडघेदुखीमुळे सायकल सुटलेले आजोबा, वाडीवरून तालुक्याच्या शाळेत जाणारी मुलगी. पेट्रोलचा खर्च ज्यांना झेपत नाही आणि जिथे एसटी दिवसातून दोनदा येते, तिथे ताशी पंचवीसचा वेग पुरेसा असतो. आमच्या मते, वाहतुकीच्या नियमांतल्या अत्यंत शहाण्या तरतुदींपैकी ही एक आहे.

पण ही सूट किती नाजूक धाग्यावर आहे पाहा. बॅटरीतला डीसी प्रवाह मोटरीच्या तीन फेजना आळीपाळीने पोचवणे हे कंट्रोलरचे मुख्य काम. चाक कुठल्या स्थितीत आहे हे मोटरीतले तीन हॉल सेन्सर त्याला कळवतात, आणि त्यानुसार आतले मॉस्फेट सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतात. थ्रॉटल किती पिळला, ब्रेक दाबला का, बॅटरी किती उतरली, हेही तोच बघतो. आणि वेगाची हद्दही तोच सांभाळतो. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच कंट्रोलरमध्ये त्यासाठी एक साधी वायर बाहेर काढलेली असते. ती जोडली की वेग अडतो, सुटी केली की गाडी मोकळी. मोटार वाहन नसलेली गाडी मोटार वाहन व्हायला एवढेच पुरते.

तशी ती झाली की कायद्याच्या लेखी ती नोंदणी नसलेली, विमा नसलेली गाडी आहे, आणि चालवणाऱ्याकडे लायसन्स नसेल तर तोही गुन्हा. नोंदणी नसल्याबद्दल पहिल्या वेळी ५,००० रुपयांपर्यंत दंड, लायसन्स नसल्याबद्दल ५,०००, विमा नसल्याबद्दल २,००० किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. २०१९ च्या दुरुस्तीने नव्याने लिहिलेल्या कलम १८२-ए प्रमाणे नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. विक्रेत्यासाठी तर हा आकडा गाडीमागे एक लाख रुपये किंवा एक वर्षापर्यंत कैद असा आहे.

दंड भरून माणूस सुटतो. अपघातातून सुटत नाही. विमा नसलेल्या गाडीने कोणाला धडक दिली आणि तो माणूस जायबंदी झाला, तर भरपाई मालकाच्या खिशातून जाते. महिना बारा हजार कमावणाऱ्या कुटुंबाच्या खिशात ती नसतेच. मग घर विकायची पाळी येते, आणि ज्याला लागले त्याच्या हातीही फारसे काही पडत नाही. आमच्यातले वकील ही प्रकरणे दोन्ही बाजूंनी लढले आहेत. ‘लिमिट काढून देतो’ म्हणणाऱ्याने या गोष्टीची जबाबदारी कधीच घेतलेली नसते.

जे आम्ही कधीही करणार नाही

आमच्या कोणत्याही दुरुस्तीच्या टेबलावर वेगमर्यादेची वायर सुटी केली जाणार नाही. करंट मोजणाऱ्या शंटवर सोल्डर चढवून कंट्रोलरला खोटा करंट दाखवला जाणार नाही. ४८ व्होल्टच्या गाडीत पाचवी बॅटरी बसवून ६० व्होल्ट केले जाणार नाहीत. यातली शेवटची युक्ती सर्वांत निरुपद्रवी वाटते, कारण तिच्यात कंट्रोलर उघडावाही लागत नाही. पण हबमोटरीचा वेग व्होल्टेजच्या प्रमाणात वाढतो. ज्या गाडीत वेगाची हद्द केवळ वाइंडिंगवर सोडलेली आहे, ती ४८ वर पंचवीसने जात असेल तर ६० वर एकतीसच्या आसपास जाते. मालकाला वाटते बॅटरी वाढवली. प्रत्यक्षात त्याने गाडीचा कायदेशीर दर्जाच घालवलेला असतो.

या गाड्यांची चौकट, पुढचा फोर्क आणि ब्रेक हे पंचवीसच्या हिशेबाने केलेले असतात. पंचवीसचा वेग चाळीस केला की गाडी थांबवताना ब्रेकला अडीचपटीहून जास्त ऊर्जा जिरवावी लागते. ब्रेकशू तेच, केबल तीच. पावसाळ्यात उतारावर याचा अर्थ काय होतो हे कोल्हापूर-साताऱ्याकडच्या वाचकांना सांगायला नको.

घरपोच सामान नेणाऱ्या मुलांचा प्रश्न आम्ही टाळणार नाही. वीस मिनिटांत पोचवायचे, न पोचल्यास मोबदला कापला जायचा, आणि लायसन्स अजून हातात नाही : अशा मुलाला पंचवीसची गाडी चाळीसची करून घ्यावीशी वाटते, यात त्याची हाव नाही, त्याच्या कामाची रचना तशी आहे. आम्ही त्याच्यावर बोट रोखणार नाही. पण वायरही सुटी करणार नाही. ज्याला वेगाने जायचे त्याला नोंदणी केलेली, विमा असलेली, हिरव्या नंबरप्लेटची गाडी मिळाली पाहिजे, आणि ती मिळवून देण्याचा भार काम देणाऱ्या कंपनीने उचलला पाहिजे. आमच्या सभांमध्ये हा मुद्दा दरवेळी येईल.

दुरुस्ती म्हणजे फेरफार नव्हे

२०२२ साली महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने बदल केलेल्या ई-बाइकविरुद्ध राज्यभर मोहीम उघडली. मोहीम योग्य होती. तिचा एक परिणाम मात्र असा झाला की प्रामाणिक दुरुस्तीही संशयाच्या भोवऱ्यात आली. निरीक्षक सीट उचलतो, कंपनीच्या स्टिकरऐवजी दुसऱ्याच बनावटीचा कंट्रोलर दिसतो, त्यावर ‘४८ व्होल्ट ३५० वॉट’ छापलेले असते, आणि गाडी जप्तीच्या रांगेत लागते. कंट्रोलरवरचा आकडा ही त्या डब्याची क्षमता असते. कायदा विचारतो ती मोटरीची तीस मिनिटे टिकणारी शक्ती. ४८ व्होल्टचा १५ अँपिअरचा कंट्रोलर चढावर काही क्षण ७२० वॉट ओढू शकतो, आणि तरीही मोटर २५० वॉटचीच राहते. हा फरक समजावून सांगायला रस्त्याच्या कडेला कोणाला वेळ नसतो.

नोंदणी झालेल्या वेगवान गाड्यांबाबत कायदा पुरेसा स्पष्ट आहे, निदान वाचणाऱ्याला. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ ने फेरफाराला बंदी केली आहे, आणि त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात फेरफार म्हणजे काय तेही दिले आहे : रचनेतला असा बदल, ज्यामुळे वाहनाचे मूळ वैशिष्ट्य बदलते. मेलेल्या कंट्रोलरच्या जागी त्याच व्होल्टेजचा, त्याच किंवा कमी करंटचा, तीच वेगमर्यादा पाळणारा कंट्रोलर बसवल्याने कोणते मूळ वैशिष्ट्य बदलले? नोंदणीपत्रातला मोटर क्रमांक तोच, चॅसी क्रमांक तोच, किलोवॉट तेच. ही देखभाल आहे. ब्रेकशू बदलायला कोणी परवानगी मागत नाही.

अडचण आहे ती पंचवीसच्या आतल्या गाड्यांची. त्यांची सूट चाचणी संस्थेच्या मान्यतेवर उभी आहे, आणि मान्यता संपूर्ण मॉडेलला मिळालेली असते. कंपनीच बंद पडली, मूळ कंट्रोलर कुठेच मिळत नाही, अशा वेळी समान मर्यादेचा दुसरा कंट्रोलर बसवला तर ती मान्यता कायम राहते, असे नियमात कुठेतरी सरळ वाक्यात लिहिलेले असायला हवे. आज पेट्रोलची स्कूटर विजेवर करून घ्यायची असेल तर एआयएस-१२३ हे मानक आहे, मान्यताप्राप्त किट आहे, आरटीओत नोंद करून घेण्याची रीत आहे. पेट्रोलची गाडी विजेची करता येते, आणि विजेची गाडी विजेचीच ठेवायची तर मालकाला उत्तर मिळत नाही. ही विसंगती दूर करून घेणे हे आमचे पहिले काम.

या गाड्या अनाथ कशा झाल्या, हेही इथे नोंदवून ठेवतो. एप्रिल २०१९ मध्ये विजेच्या गाड्यांना अनुदान देणाऱ्या केंद्राच्या फेम योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला. त्यात दुचाकीच्या अनुदानासाठी किमान वेगाची आणि एका चार्जिंगमध्ये ८० किलोमीटर जाण्याची अट आली, लेड-ॲसिड बॅटरीला जागा राहिली नाही. हळू चालणाऱ्या स्वस्त गाड्या अनुदानाबाहेर गेल्या, आणि कंपन्यांचे लक्ष वेगवान मॉडेलांकडे वळले. पुढे २०२२ मधल्या ई-स्कूटरच्या आगींच्या घटनांनंतर एआयएस-१५६ मधले बॅटरीचे कडक नियम दोन टप्प्यांत लागू झाले, डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ पासून. हे नियम हवेच होते; लिथियमच्या आगीशी तडजोड होऊ शकत नाही. पण नवे मॉडेल आले की जुन्याचे सुटे भाग बनवायचे थांबतात, आणि जुनी गाडी विकत घेतलेल्या माणसाचा विचार या कुठल्याच निर्णयात झाला नाही.

टेबलावरची शिस्त

कंट्रोलर बदलणे म्हणजे रंगाला रंग जोडणे, असा समज करून घेऊन बसवलेले कंट्रोलर आठवड्यात पुन्हा उडतात. म्हणून आमच्याशी जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक मेकॅनिकने काही गोष्टी पाळायच्या आहेत, आणि त्या इथे मोकळेपणाने लिहीत आहोत, म्हणजे मालकही त्या विचारू शकेल.

आधी कारण शोधायचे. बॅटरी सोडवायची, कपॅसिटरमधला साठा उतरू द्यायचा, मगच हात घालायचा. तीन जाड फेज वायरी कंट्रोलरपासून सुट्या करून चाक फिरवायचे. चाक मोकळे झाले तर मॉस्फेट शॉर्ट आहेत. तसेच जड राहिले तर दोष मोटरीत किंवा तिच्या वायरीत आहे आणि नवा कंट्रोलरही तिथेच मरेल. मल्टिमीटर डायोडवर ठेवून प्रत्येक फेज दोन्ही टोकांशी तपासायची. हॉलच्या वायरींवर पाच व्होल्टचा पुरवठा येतो का, आणि चाक हाताने सावकाश फिरवल्यावर तिन्ही सिग्नल वरखाली होतात का, हे बघायचे. एक हॉल गेलेला असतो आणि लोक अख्खा कंट्रोलर बदलतात, असे फार वेळा होते. कनेक्टरमध्ये हिरवा गंज असेल तर तो आधी.

नवा कंट्रोलर निवडताना व्होल्टेज, कमाल करंट आणि बॅटरी तोडण्याची पातळी या तिन्ही गोष्टी जुळल्या पाहिजेत. तिसरी सर्वांत जास्त दुर्लक्षित. बारा व्होल्टच्या चार लेड-ॲसिड बॅटऱ्यांची गाडी ४२ व्होल्टला थांबली पाहिजे, पाच बॅटऱ्यांची ५२.५ ला. ६० व्होल्टच्या गाडीत चुकीच्या पातळीचा कंट्रोलर बसवला की तो बॅटऱ्या पार कोरड्या होईपर्यंत ओढतो, आणि तीन महिन्यांनी मालक बॅटरीवाल्याला शिव्या देतो. लिथियमच्या पॅकला बीएमएस, म्हणजे बॅटरीवर नजर ठेवणारे सर्किट, असते म्हणून निर्धास्त राहायचे नाही. जास्त करंटचा कंट्रोलर लावून बीएमएसला रोज हद्दीपर्यंत तापवणे हे आगीला आमंत्रण आहे. लिथियमचा पॅक आम्ही उघडणार नाही. ते काम मान्यताप्राप्त ठिकाणीच.

फेजच्या तीन वायरी आणि हॉलच्या तीन वायरी मिळून छत्तीस प्रकारे जोडता येतात. रंग दोन कंपन्यांचे सारखे असतीलच असे नाही. चुकीच्या जोडणीत मोटर घरघरते, जास्त करंट ओढते किंवा उलटी फिरते. म्हणून चाक हवेत, थ्रॉटल अगदी थोडा, आणि दर जोडणीला करंट बघत पुढे जायचे. स्वतः जुळवून घेणारा कंट्रोलर असेल तर त्याच्या वायरी काम झाल्यावर सुट्या करून बंद करायच्या.

आणि ब्रेकची वायर. ब्रेक दाबला की मोटर तुटली पाहिजे, यासाठी दोन्ही लिव्हरमधून वायर येते. घाईत बसवलेल्या कंट्रोलरमध्ये ती हमखास लोंबकळत सोडलेली दिसते, कारण तिच्यावाचूनही गाडी चालते. थ्रॉटल अडकलेला आणि ब्रेक दाबूनही मोटर ओढतेच आहे, अशा प्रसंगी ती वायर म्हणजे जीव आहे. ती जोडल्याशिवाय आमच्या टेबलावरून गाडी उतरणार नाही. पुढचा-मागचा रिफ्लेक्टर नसेल तर तोही तिथेच बसेल. नियमात तो आहे आणि रात्री बैलगाडीच्या मागून येणाऱ्या माणसाला त्याचे मोल कळते.

शेवटी वेग. मर्यादेची वायर जोडून, सपाट रस्त्यावर, पूर्ण चार्ज बॅटरीवर, मोबाइलच्या जीपीएसने मोजायचा. मग ती वायर सोल्डर करून, स्लीव्ह चढवून डब्याच्या आत बंद करायची, म्हणजे कात्रीच्या एका घावात ती सुटणार नाही. मालकाला एक दुरुस्तीपत्र द्यायचे : जुन्या आणि नव्या कंट्रोलरचे क्रमांक, दोन्हींची क्षमता, मोजलेला वेग, तारीख, मेकॅनिकची सही, फोटो. कायद्याने आज हा कागद मागितलेला नाही. पण लपवण्यासारखे काही नाही हे सांगणारा कागद गाडीत असणे, ही आमची सुरुवात आहे.

हे काम करणारी माणसे आपल्याकडे आहेत. पंप आणि विहिरीवरच्या मोटरींमुळे तालुक्याच्या प्रत्येक बाजारपेठेत रिवाइंडिंगचे दुकान असते. तीन फेज, वाइंडिंग, इन्सुलेशन, पाण्याने होणारे शॉर्ट, हे त्या माणसाला पाठ असते; हॉल सेन्सर आणि मॉस्फेट शिकायला त्याला फार दिवस लागणार नाहीत. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला सुटे भाग मिळतात. कमी आहे ती माहितीची आणि अभयाची.

कंपन्यांकडून आणि सरकारकडून

कोणतेही मॉडेल बंद करताना कंपनीने त्याचा वायरिंग नकाशा, प्रत्येक कनेक्टरची जोडणी, करंटची आणि तोडण्याच्या पातळीची माहिती, आणि डिस्प्ले कंट्रोलरशी ज्या भाषेत बोलतो ती सांकेतिक भाषा खुली केली पाहिजे. काही नव्या गाड्यांत कंट्रोलर, डिस्प्ले आणि बॅटरी एकमेकांना ओळखल्याशिवाय चालू होत नाहीत. वेगाची हद्द कोणालाही सहज तोडता येऊ नये म्हणून घातलेल्या कुलपाला आमचा पूर्ण पाठिंबा आहे. दुसऱ्या बनावटीचा भाग बसूच नये म्हणून घातलेल्या कुलपाला आमचा तेवढाच विरोध आहे. वेगाला कुलूप हवे, दुरुस्तीला नको.

हा धोका काल्पनिक नाही. जुलै २०२३ मध्ये ॲमस्टरडॅमची व्हॅनमूफ ही ई-सायकल कंपनी दिवाळखोरीत गेली, तेव्हा मालकांना भीती होती ती सर्व्हर बंद पडला तर ॲपवरून उघडणारी आपलीच सायकल आपल्याला उघडता येणार नाही याची. प्रतिस्पर्धी काउबॉय कंपनीने तातडीने ॲप काढून लोकांना आपापली डिजिटल किल्ली जपून ठेवायला मदत केली. युरोपीय संघाने २०२३ च्या बॅटरी नियमावलीत असे ठरवले आहे की १८ फेब्रुवारी २०२७ पासून हलक्या वाहनांची बॅटरी आणि तिच्यातले सेल स्वतंत्र कारागिराला काढता-बदलता आले पाहिजेत. २०२४ च्या दुरुस्तीविषयक निर्देशातही अशा बॅटरीवर चालणाऱ्या वस्तूंचा समावेश आहे. आपल्याकडे ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्याचे पोर्टल सुरू केले. वाहने त्यात आहेत. आता त्या हक्काला कायद्याचे बळ हवे. आणि त्यात बॅटरीइतकाच कंट्रोलरचा नावानिशी उल्लेख हवा.

बंद पडलेल्या कंपन्यांची माहिती कुठून आणायची, असे विचारले जाईल. ती सरकारी दप्तरात आहे. मान्यता घेताना उत्पादकाला एआयएस-००७ च्या नमुन्यात गाडीची तांत्रिक माहिती चाचणी संस्थेला द्यावी लागते. नियम १२६ मध्ये ज्यांची नावे आहेत त्यांपैकी तीन संस्था महाराष्ट्रातच आहेत : पुण्याच्या वेताळ टेकडीवरची एआरएआय, भोसरीची सीआयआरटी आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई. उत्पादक अस्तित्वात नसेल किंवा त्याने मॉडेलची सेवा थांबवली असेल, तर दुरुस्तीला लागणारा त्या माहितीतला भाग मालकाला आणि मेकॅनिकला मिळावा, अशी आमची मागणी आहे.

परिवहन खात्याने एक परिपत्रक काढावे : समान व्होल्टेजचा, मूळच्यापेक्षा जास्त करंट नसलेला आणि तीच वेगमर्यादा पाळणारा कंट्रोलर बसवणे ही दुरुस्ती आहे, आणि अशा दुरुस्तीने नियम २ (यू) खालची सूट जात नाही. त्याबरोबरच तपासणीची स्वस्त सोय हवी. गाडीचे मागचे चाक रोलरवर ठेवून वेग मोजायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. पीयूसी केंद्रांना किंवा आयटीआयना ते यंत्र देता येईल. चाचणी झाली की गाडीवर तारखेचे सील. रस्त्यावरच्या पोलिसाला मग सीट उचलून वॉट वाचत बसावे लागणार नाही, आणि फेरफार केलेली गाडी त्याला एका नजरेत वेगळी काढता येईल. म्हणजे कारवाई करणाऱ्यांचाही यात फायदा आहे.

नोंदणी झालेल्या गाड्यांच्या मालकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. पंधरा वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करताना बॅटरीच्या वाहनांना शुल्क माफ आहे, ऑगस्ट २०२१ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने. सरकारला या गाड्या रस्त्यावर राहाव्यात असेच वाटते, असा आम्ही त्याचा अर्थ घेतो. मग त्या राहतील अशी सोयही करावी.

आता तुमचे काम

तुमच्या दारात बंद पडलेली ई-बाइक असेल तर ती भंगारात घालू नका. पावती, मान्यतेचा कागद, मॅन्युअल, जे काही घरात असेल ते शोधून एका पाकिटात ठेवा. मोटरीवरचा, चॅसीवरचा आणि कंट्रोलरवरचा मजकूर वाचता येईल असे फोटो काढा. एकही वायर सोडवण्याआधी सगळ्या कनेक्टरचे फोटो काढा. बॅटरी काढून कोरड्या जागी ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्ज करा. काढलेला जुना कंट्रोलर फेकू नका. त्याचे कनेक्टर आणि डबा दुसऱ्या गाडीच्या कामी येतात, आणि उरलेला भाग ई-कचऱ्यात गेला पाहिजे, नाल्यात नाही.

तुमच्या गाडीची लिमिट आधीच कोणी काढली असेल, तर ती पुन्हा लावून घ्या. त्यासाठी आमच्या कोणत्याही टेबलावर पैसे घेतले जाणार नाहीत आणि कोणी काढली हे विचारले जाणार नाही.

मेकॅनिक आणि रिवाइंडिंगवाल्या बंधूंनो, भगिनींनो, तुमच्या दुकानात या शिस्तीचा कागद लावा आणि लिमिट काढायला आलेल्या गिऱ्हाईकाला परत पाठवा. एका गिऱ्हाईकाचे पाचशे रुपये जातील. पण उभ्या असलेल्या गाड्यांचे काम त्याहून कितीतरी मोठे आहे आणि ते तुमच्याकडेच येणार आहे. आयटीआयच्या शिक्षकांनो, तुमच्या वर्कशॉपमधले एक टेबल महिन्यातल्या एका रविवारी आम्हाला द्या. आरटीओतल्या अधिकाऱ्यांनो, आमच्या पहिल्या शिबिराला या, दुरुस्त झालेली प्रत्येक गाडी स्वतः चालवून बघा आणि वेग स्वतः मोजा. पंचवीसच्या वर गेली तर तिथेच जप्त करा.